माहितीपट पाहायचेत, पण सुरुवात कुठून करायची?

सिनेमा सुचवणं सोपं असतं. कोण आहे, गाणी कशी आहेत, हसवतो की रडवतो, एवढं सांगितलं की काम झालं. माहितीपटाचं नाव काढलं की समोरचा जरा मागे सरकतो. माझ्या वयाच्या लोकांना थिएटरात मुख्य चित्रपटाआधी लागणारी सरकारी फिल्म्स डिव्हिजनची वार्तापत्रं आठवतात: धरणाचं उद्घाटन, मंत्र्यांच्या गळ्यातले हार आणि निवेदकाचा तो खर्जातला आवाज. तेवढ्या वेळात लोक बाहेर वडा खाऊन यायचे. तरुण पोरांना वाटतं, हे संपल्यावर कुणीतरी प्रश्न विचारणार.

घरात एखाद्या ओटीटीची वर्गणी भरलेली आहे, टीव्ही स्मार्ट आहे, पण आजवर एकही माहितीपट शेवटपर्यंत पाहून झालेला नाही, अशांसाठी हे लिहितोय. माझा सगळा सल्ला एका गोष्टीवर बेतलेला आहे. विषय बघून निवडू नका, माणूस बघून निवडा. 'प्रदूषण' हा विषय झाला. रात्री जेवणं आटोपल्यावर प्रदूषणावरचं काही लावायला कुणाचाच हात पुढे होत नाही. पण दिल्लीच्या वजिराबादमध्ये नदीम आणि सौद नावाचे दोन भाऊ आहेत. साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा त्यांचा धंदा आहे, आणि त्याच तळघरात ते आकाशातून कोसळलेल्या घारींवर उपचार करतात. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) या भावांवर आहे. त्यात प्रदूषण आहेच, शहरातलं बिघडलेलं वातावरणही आहे. आपण मात्र बघत असतो ती खोक्यात बसलेली घार आणि दोघा भावांची पैशांवरून चाललेली कुरबुर.

आधी घड्याळ बघा

नवखा माणूस हटकून एक चूक करतो. कुणीतरी फार नावाजलेला तीन तासांचा माहितीपट तो आधी लावतो, चाळिसाव्या मिनिटाला पेंगतो आणि 'आपल्याला हे जमत नाही' असं ठरवून टाकतो. म्हणून पहिले काही दिवस चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका. ऑस्करमध्ये लघु माहितीपटाची मर्यादाच नामावलीसकट चाळीस मिनिटांची आहे, त्यामुळे त्या गटात नामांकन मिळालेल्या फिती हा सोयीचा साठा आहे.

कार्तिकी गोन्साल्विस यांचा 'द एलिफंट व्हिस्परर्स' नेटफ्लिक्सवर आहे. त्याला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात बोम्मन आणि बेल्ली हे दोघं रघू नावाचं हत्तीचं अनाथ पिल्लू सांभाळतात, एवढीच गोष्ट. घरात लहान मूल असेल तर हाच आधी लावा, मूल उठून जात नाही. माझी एक तक्रार मात्र आहे. फ्रेम इतक्या देखण्या आहेत की त्या दोघांच्या कष्टांवर जरा जास्तच सोनेरी ऊन पडतं.

याहून छोटं हवं असेल तर फिल्म्स डिव्हिजनच्याच भांडारात शिरा. वार्तापत्रांमुळे बदनाम झालेल्या या संस्थेत साठच्या दशकात काही भन्नाट माणसं काम करत होती. एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये 'आय ॲम ट्वेंटी' केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुलंमुली तेव्हा विशीची झाली होती. शास्त्रींनी त्यांच्यापुढे कॅमेरा धरला आणि देशाबद्दल काय वाटतं ते विचारलं. कुणी भरभरून बोलतं, कुणी कपाळाला आठ्या घालून. सरकारी पैशातून निघालेली फीत इतकं मोकळं बोलू देते, याचं आज नवल वाटतं. वीसेक मिनिटांत संपते. त्याच वर्षीची मकबूल फिदा हुसेन यांची 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' राजस्थानात चित्रित झाली आणि बर्लिन महोत्सवात तिला लघुपटासाठीचं सुवर्ण अस्वल मिळालं. ती बघताना 'म्हणजे काय?' असं सारखं विचारू नका. चित्रकार काय काय बघतोय, ते आपणही बघायचं.

मग मालेगावला जा

चाळीस मिनिटं बसायची सवय झाली की पुढचा मुक्काम तासाभराचा, आणि माझ्या मते तो मालेगाव. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' २००८ चा आहे. नाशिक जिल्ह्यातलं हे यंत्रमागांचं गाव. आठवडाभर मागांचा खडखडाट, शुक्रवारी माग बंद आणि माणसं सिनेमाला. अशा गावात नासिर शेख नावाचा एक सिनेमावेडा माणूस आहे. गाजलेल्या चित्रपटांच्या मालेगावी आवृत्त्या काढून झाल्यावर आता त्याला सुपरमॅन करायचाय. बजेट म्हणाल तर एखाद्या बऱ्या लग्नातल्या मांडवाचा खर्चही त्याहून जास्त निघेल.

यात मुद्दाम बघायची गोष्ट म्हणजे सुपरमॅनचं उडणं. त्यासाठी हिरवं कापड लागतं, ते ताणून बांधलं जातं. त्यापुढे शफीक या काटकुळ्या मागकामगाराला आडवा धरतात आणि तो हात पुढे करून 'उडतो'. क्रेन नाही, तर बैलगाडीच्या दांडीवर माणूस बसवून ती वर उचलतात. ट्रॉलीऐवजी सायकल. तुम्ही हसता. आणि हसताहसता लक्षात येतं की ही माणसंही स्वतःवर हसतायत, पण काम मात्र जीव ओतून करतायत. फैजा खान कुठेही त्यांची टिंगल करत नाहीत, कणवही दाखवत नाहीत. कॅमेरा त्यांच्यात बसलेला असतो. लेखक फरोग यांचं मुंबईबद्दलचं बोलणं नीट ऐका. मालेगावहून मुंबई तीनशे किलोमीटरच्या आतच आहे, पण त्यांच्या बोलण्यातून ती कितीतरी लांब जाते.

हा पाहिल्यावर लगेच, शक्यतो त्याच आठवड्यात, रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' बघा. हा माहितीपट नाही. त्याच माणसांवर बेतलेला कथापट आहे, २०२५ च्या फेब्रुवारीत थिएटरात आला आणि नंतर प्राइम व्हिडिओवर. आदर्श गौरवने नासिरचं काम केलंय. आधी खरी माणसं आणि मग त्यांची भूमिका करणारे नट, असं लागोपाठ पाहिलं की माहितीपट काय देतो आणि कथापट काय देतो हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. कथापटात मैत्री, भांडण, समेट, सगळं जागच्या जागी येतं. खऱ्या फितीत शफीकचं लग्न चित्रीकरणाच्या मध्येच येतं, आणि सुपरमॅनला सुट्टी द्यावी लागते. दोन्हींची नावं इतकी सारखी आहेत की शोधताना दिग्दर्शिकेचं नाव टाका, नाहीतर भलतंच लागेल.

नाव कळलं, सापडायचं कुठे?

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. ओटीटीचं मुखपृष्ठ तुम्हाला तेच दाखवतं जे त्यांना खपवायचंय. जुना किंवा छोटा माहितीपट तिथे आपण होऊन वर येत नाही. म्हणून ॲप उघडून चाळत बसू नका, नाव आधी ठरवा. जस्टवॉच या संकेतस्थळावर देश भारत निवडायचा आणि नाव टाकायचं. सध्या ते कुठल्या ओटीटीवर आहे, वर्गणीत बघता येतं की वेगळं भाडं द्यावं लागतं, हे तिथे दिसतं. हक्क बदलत राहतात, आज एका ठिकाणी असलेली फीत सहा महिन्यांनी दुसरीकडे गेलेली असते, म्हणून लावायच्या दिवशीच तपासा.

नेटफ्लिक्स असेल तर एक युक्ती आहे. त्यांच्याकडे प्रत्येक प्रकाराला क्रमांक असतो आणि माहितीपटांचा क्रमांक ६८३९ आहे. संगणकावर ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्सच्या पत्त्यापुढे इंग्रजीत ब्राउझ, मग जॉनर आणि मग हा आकडा, मध्ये तिरक्या रेघा देऊन टाकला, की सगळे माहितीपट एका पानावर येतात. आवडलेले 'माय लिस्ट'मध्ये टाकून ठेवायचे आणि मग सोफ्यावर बसून टीव्हीवर लावायचे. त्याच बैठकीत प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्लेच्या दोन्ही खुणा काढून टाका. नामावली सुरू होते न होते तोच पुढचं काहीतरी आदळतं, हा प्रकार माहितीपटाला फार मारक आहे. पुष्कळदा शेवटच्या पाट्यांवरच 'पुढे काय झालं' ते लिहिलेलं असतं.

फुकटाचा माल यूट्यूबवर भरपूर आहे, आणि तोही अधिकृत. फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची, २०२२ मध्ये ती एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तरी तिच्या कितीतरी फिती यूट्यूबवर आहेत. पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टचा चॅनेल शोधा, देशभरच्या स्वतंत्र दिग्दर्शकांचे माहितीपट तिथे आहेत. जर्मनीच्या डॉइचे वेलेचा माहितीपटांचा इंग्रजी चॅनेलही चांगला आहे, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला विषय तिथे मिळतो. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे ॲप सुरू केलं, दूरदर्शनचा जुना खजिना हवा असेल तर तिथे डोकवा. एखाद्याने भलत्याच नावाच्या चॅनेलवर चढवलेली, कडा कापलेली, उलटी फिरवलेली प्रत मात्र बघू नका. दिग्दर्शकाच्या पदरात त्यातलं काही पडत नाही आणि तुमच्या डोळ्यांचे हाल होतात ते वेगळेच.

वर्गणीबद्दल एवढंच की चार ओटीटी एकदम चालू ठेवण्याची गरज नाही. एका महिन्यात एक, त्यातलं ठरवलेलं बघून झालं की ते बंद आणि दुसरं सुरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापले जाण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यावी लागते. तो मेसेज पुसून टाकू नका, रद्द करायचं ते तेव्हाच करा.

आवाज कुठला ठेवायचा?

प्राणी, समुद्र, डोंगर यांचा माहितीपट असेल तर हिंदी डबिंग चालतं, आजी-आजोबांसाठी तर तेच बरं. माणसांचा असेल तर आवाज मूळचाच ठेवा आणि सबटायटल वाचा. बेल्ली हत्तीच्या पिल्लाशी बोलते तो सूर मुंबईतल्या स्टुडिओत कुणी कितीही छान वाचला तरी येत नाही. मराठी सबटायटल अजून क्वचितच मिळतात. इंग्रजी वाचताना दमछाक होत असेल तर अक्षरांचा आकार वाढवा आणि मागे काळी पट्टी लावा, ही सोय बहुतेक ॲपमध्ये असते आणि बहुतेकांना ठाऊक नसते.

हे कुणी केलं, कुणाच्या पैशांनी?

चार-पाच माहितीपट झाले की ही सवय लावून घ्या. नामावलीत निर्माता कोण आहे ते बघा. सलीम-जावेद यांच्यावरची 'अँग्री यंग मेन' ही तीन भागांची मालिका प्राइमवर २०२४ मध्ये आली. बघायला मजा येते, जुन्या हिंदी सिनेमावर जीव असेल तर जरूर बघा. पण तिच्या निर्मात्यांत सलमान खानची कंपनी आहे, फरहान अख्तरची आहे आणि झोया अख्तरचीही आहे. वडिलांवर मुलांनी काढलेली मालिका. मग जोडी का फुटली या प्रश्नाशी ती हळूच येते आणि तिथून हळूच सटकते, याचं नवल वाटत नाही. यशराज फिल्म्सवरची 'द रोमँटिक्स' (२०२३) यशराजच्याच घरची आहे. अशा मालिका वर्ज्य नाहीत, पण घरच्यांनी छापलेल्या गौरवग्रंथाकडून जेवढी अपेक्षा ठेवतो तेवढीच इथेही ठेवावी.

ज्यांच्यावर चित्रण झालं ती माणसं नंतर काय म्हणाली, हेही शोधा. 'रायटिंग विथ फायर' (२०२१) हा रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा माहितीपट उत्तर प्रदेशातल्या 'खबर लहरिया'च्या दलित महिला पत्रकारांवर आहे. पूर्ण लांबीच्या माहितीपटांच्या गटात ऑस्करचं नामांकन मिळवणारा तो पहिला भारतीय माहितीपट. सोहळ्याच्या काही दिवस आधी 'खबर लहरिया'नेच निवेदन काढलं: फीत प्रभावी आहे, पण आमचं काम एकाच पक्षाच्या बातम्यांभोवती फिरतं असं जे चित्र उभं राहतं ते खरं नाही. मला तरीही तो माहितीपट आवडतो. मीरा ही बातमीदार पोलीस ठाण्यात बसून शांतपणे, आवाज न चढवता प्रश्न विचारत राहते, ते बघण्यासारखं आहे. निवेदन वाचून पुन्हा पाहिला तर काय गाळलं असेल याचाही विचार डोक्यात राहतो.

आणि कधीकधी हा प्रश्न फितीतच येतो. आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' (१९८५) मुंबईत पाडल्या जाणाऱ्या झोपड्यांवर आहे. त्यात घर मोडलेली एक बाई थेट कॅमेऱ्यामागच्या माणसावरच उखडते. गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमवाल, आम्हाला काय मिळणार, असा तिचा रोख. पटवर्धनांना तो तुकडा कापता आला असता. त्यांनी ठेवला. चाळीस वर्षं झाली तरी माहितीपटवाल्यांना त्या बाईला धड उत्तर देता आलेलं नाही.

निसर्गाच्या मालिकांबद्दल एक जाता जाता. लांबून टिपलेल्या अस्वलाच्या पावलांचा जो करकर आवाज येतो, तो बहुधा नंतर स्टुडिओत तयार केलेला असतो. कॅमेरा अर्धा किलोमीटर लांब असेल तर माईकला ते पाऊल कुठून ऐकू येणार? मुलांना हे सांगा, ती पुढचा भाग दुप्पट लक्ष देऊन ऐकतात.

घरात कोण बसलंय?

आईवडिलांबरोबर बघायचं असेल आणि घरात शास्त्रीय गाणं ऐकलं जात असेल, तर निवड सोपी आहे. कुमार गंधर्वांवरचा जब्बार पटेल यांचा 'हंस अकेला' शोधा. त्याला जोडून शबनम विरमानी यांचा 'कोई सुनता है' बघा, त्यात कुमारजींच्या कबीरापासून सुरू होऊन वाट माळव्यातल्या लोकगायकांपर्यंत जाते. मुलांबरोबर 'माय ऑक्टोपस टीचर' (२०२०) लावा. केप टाऊनजवळच्या समुद्रात रोज बुडी मारणारा क्रेग फॉस्टर आणि एक ऑक्टोपस. शार्क त्या ऑक्टोपसच्या मागे लागतो तिथे लहानांना जवळ घ्या.

लावण्याआधी कोपऱ्यातली वयाची खूण बघा: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ किंवा ए. २०२१ च्या नियमांनी ओटीटीला ही वर्गवारी बंधनकारक आहे आणि १३+ पासून पुढच्या गोष्टींना कुलूप लावण्याची सोय द्यावीच लागते. गुन्हेगारीवरच्या माहितीमालिका घरात लहान मुलं फिरत असताना लावू नका. खरं सांगायचं तर त्या मोठ्यांनीही जरा हात आखडता घेऊनच बघाव्यात. दीड तासाचा ऐवज सहा भागांत ताणलेला असतो, ड्रोनने टिपलेलं तेच शहर, तीच पावसाळी रात्र, आणि भागाच्या शेवटी कुणीतरी अर्धं वाक्य बोलून थांबतं. पहिला भाग बघा. दुसऱ्यात नवं काही कळलं नाही तर थेट शेवटच्यावर जा, कुणी दंड करत नाही.

आता लांब पल्ल्याचे

इथवर आलात तर अडीच-तीन तासांना हरकत नाही. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्यावर आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या त्या संग्रहालयात फाळक्यांच्या फितींचे उरलेसुरले तुकडे जमवून ठेवले ते या माणसाने. कुठला प्रसंग कितव्या रिळात आहे हे नायर तोंडपाठ सांगतात. सलग बसणं होत नसेल तर दोन रात्रींत बघा, काही बिघडत नाही.

आनंद पटवर्धनांचाच 'जय भीम कॉम्रेड' (२०११) मात्र एका बैठकीत. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. घोगरेंचं गाणं पटवर्धनांनी आधी 'हमारा शहर'मध्ये टिपलं होतं. हा माहितीपट त्यानंतरच्या चौदा वर्षांत तयार झाला. कोर्टकचेऱ्या, सभा, वस्त्यांतली घरं आणि सगळ्यांमधून वाहणारी गाणी. आपल्याच भाषेतली, आपल्याच शहरातली. म्हणून 'हमारा शहर' आधी आणि हा नंतर, हा क्रम मोडू नका. पटवर्धनांनी आपले काही माहितीपट स्वतः यूट्यूबवर ठेवले आहेत, आधी तिथे बघा.

मध्ये काही छोटं हवं असेल तर दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९) तासाभराच्या आतला आहे: पत्रकार पी. साईनाथ, विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि त्यांकडे पाठ फिरवून बसलेली शहरं. आणि 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) कुठे दिसला तर सोडू नका. महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबूतल्या सिनेमाचे शेवटचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षं मागे फिरून टिपले. त्यातल्या प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्या प्रकाश यांच्या हाताची बोटं बघत राहावीत अशी आहेत.

दुसऱ्याला सुचवताना

आता लोक तुम्हाला विचारायला लागतील. व्हॉट्सॲपवर दहा नावांची यादी पाठवू नका, कुणीही ती उघडत नाही. एकच नाव पाठवा. सोबत चार गोष्टी लिहा: कुठे आहे, किती मिनिटांचा, कुठल्या भाषेत, वयाची खूण काय. पाचवी ओळ त्यातल्या माणसाबद्दल. 'मालेगावचा एक मागकामगार सुपरमॅन होतो, एक तास, मुलांना चालेल' एवढं पुरे. आणि शेवट काय होतो ते सांगू नका, माहितीपटालाही शेवट असतो.